बॅटरीपासून एक वीत

लग्नात सोनारानं चढवल्यापासून माझ्या पाटल्या कधी उतरल्या नव्हत्या. गाडीचं वायरिंग करणाऱ्या मन्मथअप्पांनीही त्या उतरवल्या नाहीत. त्यांनी पाटल्यांवर वायरींची काळी चिकटपट्टी गुंडाळायला लावली, आणि तसल्या हातांनी मी नेकनूरच्या भर बाजारात दिवसभर लुगडी विकली. गिऱ्हाईक बाया मालाकडे कमी आणि माझ्या मनगटांकडेच जास्त बघत होत्या. एकीनं तर जवळ येऊन हळूच विचारलं, "अक्का, काई वाईट झालंय का घरात?"

वाईट कसलं! गाडीला ॲम्प्लिफायर बसत होता.

याला पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते. म्हणजे अंगानं पंचेचाळीस, अकलेनं अजून परकरात. आमचा धंदा फिरत्या कापडाचा. एक जुनी डिझेल जीप, तिच्यात मागं कापडाची गाठोडी, गाठोड्यांवर मांडी घालून आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुढं चाकावर आमचे हे आणि शेजारी मी. नेकनूर, लिंबागणेश, दिंद्रुड. जिथं बाजार भरेल तिथं आम्ही. हे गाडी चालवायचे आणि बाजारात पोचले की मौनात जायचे. ओरडून गिऱ्हाईक गोळा करायचं काम माझं. त्या ओरडण्याचा मला केवढा गर्व! मी हाक मारली की बाजारातल्या म्हशी वळून बघतात, असं लोक म्हणत नव्हते. मीच सांगत फिरायचे.

एका आषाढीला घसा बसला तो उठेचना. बीडच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं आणि सांगितलं, आवाजाच्या पडद्यावर गाठी आल्यात, ओरडणं बंद. नाहीतर हा आवाज जाईल आणि गेलेला परत येणार नाही. मी घोगऱ्या आवाजात विचारलं, "मग बाजाराचं काय?" ते म्हणाले, "बाई, तुम्ही ठरवा, आवाज पाहिजे का बाजार." मला दोन्ही पाहिजे होतं. हावरट बाईला निवड करता येत नसते. ह्यांनी कुठून तरी एक जुना ॲम्प्लिफायर, एक माईक आणि टपावर लावायचे दोन कर्णे आणले, आणि आम्ही गाडी मन्मथअप्पांच्या दारात नेली.

नेकनूरच्या एस्टी स्टँडाजवळ लिंबाखाली त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. वर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती: 'येथे गाड्यांचे वायरिंग केले जाईल. घाई असल्यास पुढे जावे.' पुढं जायला दुसरं दुकान नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

अप्पा उंच, काटकुळे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा सदरा, खोचलेलं धोतर. दिवसभर इंजिनात हात घालणाऱ्या माणसाचा सदरा संध्याकाळीही पांढरा कसा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं लाल वायर. काम सुरू असताना चहा घ्यायचे नाहीत. "हातात वीज आन तोंडात कप, दोनीकडं ध्यान राहत न्हाई," म्हणायचे. आणि काही तपासायचं झालं की हाताची मागची बाजू वायरीवर टेकवायचे, आई लेकराचा ताप बघते तशी.

"आज संध्याकाळपर्यंत द्या," मी कुजबुजले. घसा तेवढाच चालत होता.

अप्पा बॉनेट उघडून बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "अक्का, जुनी गाडी म्हंजे घरातली थोरली सासू. तिला न इचारता घरात नवीन काई आनलं की ती पेटती."

"खरंय!" गाठोड्यांवरून आत्याबाई.

"मग इचारा की तिला," मी म्हटलं.

"तेच करायलोय. ती सावकाश बोलती."

पहिला सबंध दिवस त्यांनी गाडीत काही घातलंच नाही, नुसतं काढलं. आमच्या आधी त्या जीपचे चार मालक होऊन गेले होते, आणि प्रत्येकानं जाताना आपली एकेक वायर मागं ठेवली होती. अप्पा वायर उपसायचे आणि लिंबाखाली ओळीनं मांडायचे. "ही बँडवाल्याच्या दिव्याची. ही काळीपिवळीवाल्याच्या टेपची. ही कुनाच्या तरी पंख्याची. पंखा गेला, वायर ऱ्हायली." शेवटी त्यांना पायाखालच्या रबराखाली एक वायर सापडली. ती थेट बॅटरीतून निघून मागं गेली होती, आणि तिचं टोक उघडं होतं. अप्पांकडे तपासणीचा एक छोटा बल्ब होता. त्याची एक तार त्यांनी पत्र्याला धरली, दुसरी त्या टोकाला. बल्ब लख्ख लागला.

अप्पा वर बघून म्हणाले, "आत्याबाई, तुमी ह्याच्यावर बसत व्हतात."

"कवापास्नं?"

"गाडी घेतल्यापास्नं."

आत्याबाई वयाच्या मानानं फारच चपळ उतरल्या. खाली आल्यावर जरा विचार करून म्हणाल्या, "तरीच माजे गुडघे दुखत नव्हते."

मी हसले, पण मनातून चरफडत होते. एक दिवस गेला आणि आवाजाचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी नेकनूरचाच बाजार. गाडी अप्पांकडे, म्हणून ह्यांनी माल समोरच जमिनीवर मांडला होता. मी दर दहा मिनिटांनी दुकानात. अप्पा बॅटरीशी वाकले होते, आणि मला वाटलं, एक नट तर फिरवायचाय, त्याला केवढा वेळ! मी पाना उचलला आणि हात घातला.

"हात मागं!"

अप्पांचा चढलेला आवाज मी जन्मात तेवढाच एकदा ऐकला. त्यांनी पाना माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या सदऱ्याची डावी बाही वर केली. मनगटाभोवती पांढुरक्या डागाचं वळं होतं, जणू कातडीतच कडं घातलंय. "विशीत व्हतो. हातात लोखंडाचं कडं. एक कड बॅटरीच्या खुटीला लागली, दुसरी पत्र्याला. कडं लाल झालं. निघंना. पाटल्या काढा, नायतर हात मागं."

"सवाशिणीनं पाटल्या काढायच्या?" आत्याबाई कडाडल्या. "वायरीपाई?"

मला वाटलं, आता जुंपणार. पण अप्पा गळ्यातल्या इष्टलिंगाकडे बोट करून म्हणाले, "आत्याबाई, मीबी लिंग उतरवत न्हाई. पर चांदीची डबी घरी ठिवतो अन कामावर कापडात बांधतो. रीत मोडायची न्हाई, झाकायची." आणि काळ्या पट्टीचं रीळ त्यांनी आत्याबाईंच्या हातात दिलं. आत्याबाईंनी माझ्या पाटल्या अशा काही आवळून गुंडाळल्या, की पट्टी सुटता सुटेना. मग अप्पांनी बॅटरीची उणे बाजू आधी सोडवून दाखवली, आणि म्हणाले, "आता घाला हात. आता कायबी व्हत न्हाई." तेव्हा मात्र मला हात घालायची इच्छा राहिली नव्हती.

त्याच दिवशी एक पुढारी आले. पांढरी जुनी मोटार, सोबत तीन-चार माणसं. गणपतीच्या मिरवणुकीसाठी मोटारीत मोठा ॲम्प्लिफायर आणि टोपल्याएवढे दोन स्पीकर पाहिजे होते, आणि ते उद्याच. अप्पांनी मोटार चालू करून दिवे लावून बघितले आणि नाही म्हणाले.

"कावून न्हाई?" सोबतचा एकजण गुरगुरला. "कुनाची गाडी हाय म्हाईत हाय का बे?"

"कुनाची हाय ते म्हाईत हाय," अप्पा शांतपणे म्हणाले. "कशी हाय ते सांगायलोय. साहेब, तुमच्या गाडीचा डायनामो म्हंजे पावशेर दूध देनारी शेळी. तिच्या जिवावर तुमी सबंद लग्नाचा चहा ठिवायलेत. पैला ढोल वाजला की दिवे मिनमिनं होतील, अन आरतीला गाडी ढकलावी लागंल."

माणूस पुढं सरकला, पण पुढारी मात्र खो खो हसले. "मग काय करू, अप्पा?"

"म्हस घ्या, नायतर चहा कमी ठिवा."

पुढाऱ्यांनी चहा कमी ठेवला. अप्पांनी छोटा ॲम्प्लिफायर बसवून दिला. पुढं मिरवणुकीत त्यांची मोटार बंद पडली नाही एवढंच मला ठाऊक आहे. बाकीच्यांच्या पडल्या असं आत्याबाई सांगायच्या, पण आत्याबाईंना गोष्ट फुगवून सांगायची सवय होती.

तिसऱ्या दिवशी आमच्या गाडीत वायर शिरली. नवी कोरी, जाड, करंगळीएवढी. इंजिन आणि बैठकीमधल्या पत्र्याला भोक पाडल्यावर अप्पांनी त्यात आधी रबराची चकती बसवली. "पत्र्याची कड म्हंजे ईळा. गाडी हादरती तसा ईळा चालतो." विजेची वायर डाव्या अंगानं नेली, माईकची उजव्या अंगानं. दोघी शेजारी झोपल्या की कर्ण्यातून इंजिनाची शिट्टी येते म्हणे. ॲम्प्लिफायर गाठोड्यांखाली नाही, सीटच्या मागं लाकडी फळीवर, चारी बाजूंनी वारा लागेल असा. त्याची उणे वायर हातभरच ठेवली. जिथं बसवायची तिथला रंग घासून घासून लोखंड आरशासारखं केलं, नट आवळला आणि वरून ग्रीस. कुठली वायर कसली ते कळावं म्हणून माझ्याकडून लुगड्यांच्या काठांच्या चिंध्या मागितल्या. विजेच्या वायरीला लाल काठ, उणेला काळा, माईकला हिरवा. बॉनेट उघडलं की आमची जीप ओटी भरल्यासारखी दिसायची.

आणि फ्यूज. अप्पांनी बॅटरीच्या अधिक खुटीवर अंगठा टेकवला, हात पसरला आणि करंगळी जिथं पोचली तिथं खूण केली. "एक वीत. ह्याच्या आत."

शहाणपण तर माझ्या नाकावर बसलेलं. "त्या ॲम्प्लिफायरच्या पाठीत फ्यूज आहे की. मग हा आणखी कशाला?"

"तो त्याला वाचिवतो. हा तुमाला. बॅटरीपास्नं तिथवर धा हात वायर हाय अक्का. मधी कुटं कातडं सोललं अन पत्र्याला टेकलं, तर पाठीतल्या फ्यूजला कळनारबी न्हाई. सगळा जाळ त्याच्या अलीकडंच. म्हनून पारेकरी दारात पायजे, माजघरात न्हाई."

मी मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं.

संध्याकाळी माईक माझ्या हातात आला. मी छाती भरून ओरडणार, तोच अप्पांनी माझ्या तोंडासमोर तळवा धरला. "ओरडायचं न्हाई. ओरडलं की फाटतं. त्याचंबी अन तुमचंबी. शेजारनीला सांगता तसं बोला."

आता मी शेजारणीलाही ओरडूनच सांगायचे, हे त्यांना कोण सांगणार? पण बोलले. पुटपुटले म्हणा. "इरकल आलीय, बघायला या." आणि तो पुटपुटलेला आवाज टपावरून स्टँडापर्यंत गेला. स्टँडावरच्या दोन बायांनी वळून बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाई म्हणाल्या, "अप्पा, असलंच एक घरातबी बसवा. सून घरात लई वरडती."

इथं गोष्ट संपली असती तर मी शहाणी ठरले असते.

दोनेक महिन्यांनी दिंद्रुडचा बाजार. लग्नसराई, बायांची झुंबड, आणि ऐन रंगात आवाज बंद. ॲम्प्लिफायरच्या पाठीतला फ्यूज गेला होता. अप्पांनी जादाचे दोन दिले होते. एक बसवला, गेला. दुसरा बसवला, गेला. आता शहाण्या बाईनं विचारलं असतं, हे सारखे का जातायत? मागं ह्यांनी लोखंडी पेटी कर्ण्याच्या वायरीवर ठेवली होती, वायर चेमटून आतल्या तारा एकमेकींना चिकटल्या होत्या, हे तिला दिसलं असतं. मला दिसल्या फक्त निघून चाललेल्या बाया. मी अंबाड्यातला आकडा काढला, वाकवला आणि फ्यूजच्या जागी खोचून दिला. आवाज आला! मी ह्यांच्याकडे अशा तोऱ्यात बघितलं, की जणू विजेचा शोध माझ्याच माहेरी लागला.

चार वाक्यं बोलले असेन. मग जळका वास आला, ॲम्प्लिफायरमधून धुराची एक रेघ निघाली आणि सगळं एकदम शांत झालं. बस्स, तेवढंच. गाडी सुरू झाली, दिवे लागले, गाठोडी जशीच्या तशी, गाठोड्यांवर आत्याबाई जशाच्या तशा. "काय करपलं गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही अप्पांच्या दारात. त्यांनी ॲम्प्लिफायर पालथा केला. आकडा काळाठिक्कर होऊन तिथंच बसला होता. चिमट्यानं तो बाहेर काढून उजेडात धरला.

"ह्यो कुनी घातला?"

आता सांगायला लाज वाटते, पण लाज वाटायचं वय माझं उलटून गेलंय. मी म्हणाले, "आत्याबाईंनी."

अप्पांनी चष्म्यावरून आत्याबाईंच्या डोक्याकडे बघितलं. "ह्यांचा अंबाडा लसनाच्या कांडीएवढा. त्याला आकडा लागत न्हाई, देवाची किरपा लागती."

आत्याबाईंनी मला चिमटा काढला. त्याचा वळ चार दिवस होता. बरोबरच होतं.

मग अप्पांनी मला बॉनेटपाशी बोलावलं. एक वीत अंतरावरचा तो दुसरा फ्यूज आतून जळून काळा झाला होता. मी विचारलं, "हा गेला नसता तर?"

त्यांनी माझ्याच काठाची एक सुती चिंधी घेतली, गाडीपासून लांब रस्त्याच्या कडेला गेले, ती जमिनीवर ठेवून काडी लावली, आणि मोजू लागले. एक, दोन, तीन, चार. पाचाला राख. मग माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "आत्याबाईंना गाठोड्यावरनं उतरायला किती येळ लागतो?"

आत्याबाई तिकडं जीपमधून उतरतच होत्या. एक पाय खाली, एक हात ह्यांच्या खांद्यावर, "थांब रे, थांब" चाललेलं. मी मनात मोजायला लागले. तीसवर पोचले तरी दुसरा पाय वरच होता.

त्यानंतर मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला, पण विजेशी नाही. अप्पा रागावले नाहीत. ॲम्प्लिफायर आठवडाभरात दुरुस्त करून दिला, कर्ण्यांच्या वायरी टपाच्या कडेनं पेटी पोचणार नाही अशा उंचीवर नेल्या, आणि तपकिरीच्या रिकाम्या डबीत बरोबर मापाचे सहा फ्यूज घालून ती माझ्या हातावर ठेवली. "संपले की या. येताना आकडा डोक्यातच असू द्या."

वर्षाभरानं बीडच्या डॉक्टरांनी परत आरसा घातला. गाठी विरल्या होत्या. ते म्हणाले, "आता थोडं ओरडलात तरी चालेल." पण एव्हाना हळू बोलायची गोडी लागली होती. हळू बोललं की बाया जवळ येतात, जवळ आल्या की कापडाला हात लावतात, आणि हात लावला की घेतात. हे मला पंचेचाळीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. घरातही मी खालच्या पट्टीत आले. आमच्या ह्यांना सुरुवातीला भीती वाटली. त्यांना वाटलं, मी रुसलेय.

आत्याबाई नव्वदीपर्यंत गाठोड्यांवर बसल्या आणि घरी, आपल्या अंथरुणावर, सकाळचा चहा पिऊन गेल्या. जीप जाऊन जुना टेंपो आला. माझे गुडघे दुखू लागले, माईक सुनेच्या हातात गेला. अप्पांची नजर अधू झाली तसं त्यांनी दुकान बंद केलं आणि परळीला लेकीकडं राहायला जायचं ठरवलं. तिकडंच ते पुढं पाच वर्षं आनंदात राहिले आणि तिकडंच गेले, असं कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी ते नेकनूरच्या बाजारात आले होते. सदरा तसाच पांढरा. टेंपोचं वायरिंग दुसऱ्या कुणी केलेलं. मला वाटलं, आता बॉनेट उघडतील आणि त्या बिचाऱ्याची सालटी काढतील. तसलं काही नाही. त्यांनी सुनेच्या हातातला माईक घेऊन माझ्या हातात दिला. "तुमी बोला काईतरी. आवाज कुटवर जातो बघतो." आणि पाठ फिरवून चालायलाच लागले.

"अप्पा, कांद्याच्या ढिगापाशी ऐकू येतंय का?" मी विचारलं. वळून न बघता त्यांनी हात वर केला.

"मिरचीवाल्यांपाशी?" हात वर.

"बैलांपाशी?" बैलांच्या शिंगांमधून एक हात वर आला. बाजारातल्या बाया हसायला लागल्या. मी बोलतच राहिले, घसा न ताणता. लेकीकडं गेल्यावर तिच्या घरातल्या वायरी उपसू नका म्हणाले. हात वर. तुमच्यामुळं मी गेली वीस वर्षं बोलतेय म्हणाले. तेव्हा हात जरा उशिरा वर आला. मग ते स्टँडाच्या कोपऱ्यावरून पलीकडं वळले आणि दिसेनासे झाले. तरी मी गप्प बसेना. कापडाचं, सुनेचं, उन्हाचं, काहीबाही सांगत राहिले.

पाच-दहा मिनिटांनी त्या बाजूनं एक ओळखीची बाई घाईघाईनं आली. "अक्का, कोपऱ्यापल्याड एक म्हातारा हात वर करून हुबा हाय. दोन एस्ट्या थांबल्या त्याच्यापाई. कंडक्टर वरडायलाय, बसा म्हनून. गाडीतबी चढंना, अन हातबी खाली घेईना."

मग मी माईक बंद केला, त्यांना हात खाली घेता यावा म्हणून.